व्हर्लिन स्टॉट्सचे पंधरा यार्ड

व्हर्लिन स्टॉट्सला माणसं आवडत नसत. गुरं चालत. गुरं खोटं बोलत नाहीत, फार तर लाथ मारतात, आणि लाथ मारण्याआधी कान मागे घेऊन तशी सूचना देतात. एवढा प्रामाणिकपणा ड्राय फोर्कच्या अख्ख्या शाळा मंडळात शोधून सापडायचा नाही, असं तो गुरांच्या बाजारात कुणालाही ऐकवायचा. ऐकणाऱ्यांत शाळा मंडळाचं कुणी असलं तर आवाज थोडा चढवायचा.

टेक्ससच्या उत्तर टोकाला, जिथे झाडं कमी आणि वाऱ्याला आडकाठी त्याहून कमी, तिथल्या या बाजारात तो डाग तपासायचा. विकायला आलेल्या प्रत्येक जनावराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने उमटवलेला कुणाच्या मालकीचा डाग आहे आणि तो आणणाऱ्याचाच आहे ना, हे बघायचं काम. एका डागावर दुसरा डाग चढवून आणलेली गाय तो पन्नास हातांवरून ओळखायचा आणि मग आणणाऱ्याची चारचौघांत अशी काही शोभा करायचा की तो माणूस पुढचे सहा महिने दुसऱ्या बाजाराला जायचा. हे झालं पोटासाठी. उरलेला व्हर्लिन फुटबॉलचा होता, चेंडू पोटाशी धरून धावायचं आणि धावणाऱ्याला आडवं पाडायचं त्या अमेरिकन फुटबॉलचा. शाळांच्या सामन्यांत एकतीस वर्षं पंच. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, कमरेला पिवळा रुमाल, आणि पाच पंचांत जो मुख्य त्याच्या डोक्यावर असते ती पांढरी टोपी. रुमालाच्या टोकात त्याची बायको वनेल हिने मूठभर राजमा शिवून दिला होता, म्हणजे फेकला की वाऱ्यावर न उडता जागच्या जागी पडावा. रुमाल पडला की मैदानावर कुणीतरी आगळीक केली, हे शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळायचं.

गाव फुटबॉलवर जीव टाकायचं. शाळेच्या ग्रंथालयाचं छप्पर सात वर्षं गळत होतं, पण मैदानावर गुण दाखवायचा फलक मात्र नवा कोरा, चर्चच्या भिंतीएवढा. पाण्याच्या टाकीवर गावाचं नाव लहान अक्षरांत आणि जिंकलेल्या वर्षांचे आकडे मोठ्या अक्षरांत. सामन्याच्या संध्याकाळी एरवी रविवारी स्तोत्रं म्हणणाऱ्या बायका पंचांच्या आईबद्दल अशा गोष्टी ओरडायच्या की त्या माउलीला थडग्यात कूस बदलावी लागली असेल. व्हर्लिन ते ऐकून घ्यायचा. त्याला त्या बायकांचा रागही येत नसे. राग यायला समोरच्याला थोडी किंमत द्यावी लागते.

खरा तिरस्कार त्याने दोन गोष्टींसाठी राखून ठेवला होता. पहिली गोष्ट म्हणजे पंधरा यार्ड. कोच मैदानात धावत येऊन शिव्या देतो, शिक्षा काय, तर त्याच्या संघाने पंधरा यार्ड मागे जायचं. एखादं पोर पडलेल्या पोराच्या उरावर उभं राहून त्याची टिंगल करतं, शिक्षा तीच. तोंड एकाचं आणि मागे चालायचं अकरा जणांनी, त्यातल्या दहा जणांनी काही केलेलं नसतं. कोच तर आपल्या जागेवरून हलतही नाही. "माझ्या बैलाने तुझं कुंपण तोडलं, तर तू माझ्या कोंबड्या उपाशी ठेवशील का?" असं तो विचारायचा. दर जानेवारीत तो राज्याच्या मंडळाला पत्र लिहायचा. ज्याने घाण केली त्यालाच बसवा. पोराला दहा मिनिटं बाकावर, कोचला एक अख्खा डाव संघाच्या बसमध्ये, खिडक्या बंद करून. यार्ड कुणाचेच कापू नका. मंडळाकडून उत्तर यायचं, खेळातल्या आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. एकतीस पत्रांना तेच उत्तर, खालची सही तेवढी बदलत गेली.

नियमात एकच दात होता. असभ्य वर्तन एकाच सामन्यात दुसऱ्यांदा केलं की माणूस बाहेर, मग तो पोरगा असो वा कोच, आणि पुढचा सामनाही बाहेरच. हा दात वापरायला बाकीचे पंच घाबरत, आणि का घाबरत ती व्हर्लिनच्या तिरस्काराची दुसरी गोष्ट. बाद फेरीच्या सामन्यांना कोण पंच असावेत हे कोचच ठरवायचे. नको त्या नावावर काट मारायची, बस. चोरांची सभा भरवून फौजदार निवडायचा, आणि वर त्याला परंपरा म्हणायचं. सगळ्यांना उद्या काम हवं असे, म्हणून दुसरा रुमाल खिशातच राही. व्हर्लिनचा राहत नसे. त्याने एकोणीस कोचांना बाहेर काढलं होतं, त्यांतला एक त्याचा सख्खा मेहुणा. साधे सामने त्याला मिळत, कारण शिव्या खायला माणसं मिळत नाहीत. पण बाद फेरीच्या यादीत त्याच्या नावावर इतक्यांदा काट पडायची की खालचं नाव वाचता येत नसे. राज्याच्या अंतिम सामन्याला, डॅलसजवळच्या त्या छप्पर असलेल्या प्रचंड स्टेडियमवर, तो एकदाही उभा राहिला नव्हता.

त्याला ते हवं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना आपण काडीचीही किंमत देत नाही त्यांच्याकडून काही हवं असणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण हवं होतं. आणि आता वेळ उरला नव्हता. जानेवारीत त्याचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. हा शेवटचा हंगाम.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी बाजाराच्या खाणावळीत तो जेवत बसला असताना ड्राय फोर्कचा कोच रॉयस टॅकेट समोरच्या खुर्चीत येऊन बसला. विचारलं नाही. टॅकेट कधीच विचारत नसे. गावात त्याच्या नावाचा रस्ता होता, आणि तो स्वतः त्या रस्त्यावर वेगमर्यादा मोडून गाडी चालवायचा.

"गुडघ्यांचं ऐकलं, व्हर्लिन. वाईट वाटलं."

"कुणाला?"

"मला रे. आणखी कुणाला?"

"तुला वाईट वाटलं की तू ओरडतोस. आज तसं काही ऐकू आलं नाही."

टॅकेट हसला. त्याचं हसणं मोठं होतं, डोळे मात्र त्यात भाग घेत नसत. "अंतिम सामन्याला आपल्या भागातून एक पथक पाठवायचंय. कोचांच्या समितीचा यंदा मी अध्यक्ष. तुझं नाव घातलंय मी. एकतीस वर्षं! आम्हाला लाज वाटायला हवी."

"आत्ता वाटली?"

"बघ, हाच तुझा स्वभाव. बदलू नकोस हं." टॅकेटने वाढणारीला हाक मारली. "ए डार्लिंग, याला पीच कॉबलर आण. वर आइस्क्रीम घाल." आणि टोपी डोक्यावर घालून तो निघून गेला.

मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर व्हर्लिनने ती बशी त्याच्या टोपीत उलटी केली असती, आणि पुढची दहा वर्षं तो किस्सा सांगितला असता. पण काही न मागणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचा त्याला सराव नव्हता. कॉबलर आलं, पीचच्या फोडींवर गोड पिठाचा थर देऊन भाजलेलं. त्याने खाल्लं. चांगलं होतं.

घरी वनेलला सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती.

"टॅकेट? ज्याला तू बैलाचं मागलं टोक म्हणतोस तो?"

"तोच. शेवटी त्यांनाही अक्कल आली म्हणायची."

वनेलने इस्त्री उभी करून ठेवली. "मला नवा कोट लागेल."

"त्या स्टेडियमला छप्पर आहे, बाई. आत थंडी नसते."

"फोटोत असते," वनेल म्हणाली, आणि त्याच आठवड्यात जाऊन निळा कोट घेऊन आली. तिला नवऱ्याहून ते जास्त हवं होतं, कारण तिला ते लपवावं लागत नव्हतं.

शुक्रवारी धुळीचं वादळ आलं, म्हणून बाद फेरीआधीचा शेवटचा सामना शनिवारी दुपारी झाला. ड्राय फोर्क विरुद्ध विंडहॅम. ड्राय फोर्क बाद फेरीत आधीच पोचलं होतं, ते हरले तरी काही फरक पडणार नव्हता. विंडहॅमला तर पुढचा सामनाच नव्हता. गावात पोरं उरली नाहीत म्हणून त्यांची शाळा मे महिन्यात कायमची बंद व्हायची होती, आणि उरलेल्यांनी ड्राय फोर्कच्या बसने ड्राय फोर्कच्या शाळेत यायचं होतं. चौदा पोरांचा संघ. त्यांचा कोच गेलन मीक्स बीजगणित शिकवायचा आणि बसही तोच चालवायचा. बाकांवर त्यांची शंभरेक माणसं बसली होती, म्हणजे गाव रिकामं झालं होतं.

टॅकेटने चार डावांतल्या दुसऱ्याच डावात तीन पावलं मैदानात येऊन डेल्फिनो ओचोआच्या आईचा उद्धार केला. डेल्फिनो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि बारा वर्षं व्हर्लिनच्या पथकात पंच होता. व्हर्लिनने रुमाल फेकला. कोचचा पहिला. पंधरा यार्ड. पोरं मागे चालली, टॅकेट जागच्या जागी च्युइंग गम चघळत राहिला.

थोड्याच वेळात चव्वेचाळीस नंबरचा. केड रस्क, सतरा वर्षांचा, मान डोक्यापेक्षा जाड, घरी तीन कॉलेजांची, आमच्या संघात ये म्हणणारी पत्रं येऊन पडलेली. त्याने विंडहॅमच्या एझ्रा नावाच्या एका काटकुळ्या पोराला आडवं केलं, इथवर खेळ झाला, आणि मग त्याच्या तोंडावर वाकून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्या बसमध्ये मागे बसायचं हं! तुझी शाळा मेली!" व्हर्लिनचा रुमाल त्याच्या बुटांशी पडला. त्याने खिशातलं कार्ड काढून पेन्सिलीने लिहिलं, ४४.

मध्यंतरानंतर चव्वेचाळीस नंबर मैदानात आलाच नाही. आला तो एक्याऐंशी. शर्टावर रक्त लागलं तर खेळाडूने शर्ट बदलायचा, आणि नंबर बदलला तर कोचने मुख्य पंचाला येऊन सांगायचं, असा नियम आहे. न सांगणं हेही कोचचं असभ्य वर्तनच धरतात. रक्त कुणी पाहिलं नव्हतं, आणि सांगायला कुणी आलं नव्हतं.

"एक्याऐंशी कोण?" डेल्फिनोने विचारलं. "यादीत एक्याऐंशी नाहीच."

"बघतो," व्हर्लिन म्हणाला.

त्याने बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. त्या मानेवर कुठलाही नंबर चिकटवला तरी ती मान केड रस्कचीच, हे गाईच्या डागावर आयुष्य काढलेल्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? त्याने स्वतःला सांगितलं, टॅकेट येईल, खेळ थांबला की सांगेल. खेळ पाच वेळा थांबला. टॅकेट दुसरीकडे बघत होता, आणि मग व्हर्लिनही दुसरीकडे बघू लागला.

शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा विंडहॅम वीस, ड्राय फोर्क सतरा. विंडहॅमच्या बाकांवर म्हातारी माणसं उभी राहून थरथरत होती. चेंडू केडकडे आला, तो पोटाशी धरून केड धावत सुटला, आणि त्या काटकुळ्या एझ्राने एकट्याने त्याचे घोटे धरून त्याला पाडलं. शिट्टी झाली. केड उठला. नोव्हेंबरात त्या मैदानावर गवत नसतं, नुसती माती. त्याने मूठभर माती उचलली आणि अजून पडलेल्या पोराच्या छातीवर हळूहळू सोडली, शवपेटीवर सोडतात तशी. मग हात छातीशी धरून मान खाली घातली. ड्राय फोर्कचे बाक खदाखदा हसले. त्यांत शाळेचा मुख्याध्यापकही होता, ज्याच्याकडे हीच पोरं पुढच्या वर्षी शिकायला जाणार होती.

डेल्फिनोचा रुमाल पडला. तो धावत आला.

"हा चव्वेचाळीसच आहे. दुसऱ्यांदा. काढ बाहेर. आणि नंबर सांगितला नाही, तो टॅकेटचा दुसरा. तोही बाहेर. पुढच्या शनिवारी दोघंही घरी बसतील."

टॅकेट ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच हलक्या आवाजात, रेषेच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "व्हर्लिन, कार्ड बघ ना. एक्याऐंशीचा पहिलाच आहे."

व्हर्लिनने कार्ड काढलं. कार्डावर ४४ होतं. ८१ नव्हतं. कार्ड खरं बोलत होतं, पंचाईत होती ती हीच. एकतीस वर्षांत ज्या ज्या पंचांनी रुमाल खिशात ठेवला त्यांना तो भेकड, बाजारबसवे, कोचांचे पायपुसणे म्हणाला होता. त्या सगळ्यांच्या हाताशी एखादं कार्ड असणार, एवढं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं. त्या क्षणी त्याला डॅलसचं छप्पर दिसलं आणि निळा कोट दिसला.

"एक्याऐंशी," तो म्हणाला. "पहिला. पंधरा यार्ड."

"व्हर्लिन," डेल्फिनो म्हणाला.

"कार्डात जे आहे ते आहे."

"कार्डात तूच लिहिलंयस ना रे?"

ड्राय फोर्कची अकरा पोरं पंधरा यार्ड मागे चालली. दहा जणांनी काही केलं नव्हतं, अकरावा हसत होता. पुढच्याच चेंडूवर तो अकरावा एकेचाळीस यार्ड धावत गेला आणि त्याने गुण केले. एझ्रा वाटेत आडवा आला होता, त्याला त्याने पायाखाली तुडवलं, तेही नियमाला धरून. ड्राय फोर्क जिंकलं. नवा कोरा फलक बराच वेळ लखलखत राहिला.

सामना संपल्यावर दोन्हीकडची पोरं मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात, तशी त्यांनी केली. गेलन मीक्स प्रार्थनेतून उठून व्हर्लिनकडे आला. त्याच्या पँटला गुडघ्यांवर माती होती.

"सर, एकच विचारायचंय. तो तोच मुलगा होता ना?"

"कार्डावर एक्याऐंशीचा पहिला आहे," व्हर्लिन म्हणाला.

"हो," मीक्स म्हणाला. तो तसाच उभा राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणाऱ्याला काय म्हणायचं ते व्हर्लिनला पाठ होतं. "सकाळी बसमध्ये पोरं घाबरली होती, सर. म्हणाली, ड्राय फोर्कचं मैदान, ड्राय फोर्कचा कोच. मी त्यांना म्हटलं, व्हर्लिन स्टॉट्स आहेत, आज तुम्हाला कुणी काही करायचं नाही." मग त्याने हात पुढे केला, कारण तसं करायची रीत आहे, आणि बस सुरू करायला निघून गेला.

डेल्फिनोने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, अंतिम सामन्याला दुसरा कुणीतरी बघ, बसच्या इंजिनचं काम निघालंय. डिसेंबरात शाळेला सुट्टी असते आणि बसगाड्या उभ्या असतात. व्हर्लिनने ठीक आहे म्हटलं. डेल्फिनोही एक नंबरचा हट्टी, असं तो वनेलला म्हणाला.

नाव आलं. कुठल्याच यादीत त्यावर काट नव्हती.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी पंचांच्या खोलीत गालिचा होता आणि प्रत्येकाच्या नावाची पाटी होती. व्हर्लिन बुटांचे बंद बांधत असताना टॅकेट दोन बड्या कोचांना घेऊन आत आला. केडने आणि त्याने मधली बाद फेरीची लढत जिंकली होती, पुढची हरले होते, पण पाहुणचाराला तो हजर होता. त्याने व्हर्लिनच्या खांद्यावर हात टाकला.

"हा व्हर्लिन. बाहेरून काटेरी वाटतो, पण समजूतदार आहे. आपला माणूस."

ते दोघे हसले, तसेच मोठ्याने, डोळ्यांवाचून. एकाने हात पुढे केला. एकतीस वर्षांत या जातीच्या माणसांकडून व्हर्लिनला एकच गोष्ट मिळाली होती, त्यांचा द्वेष, आणि तो त्याने कमावलेला होता, जपलेला होता. आता तेवढाही राहिला नाही. त्याने उठून हात मिळवला, आणि उठताना गुडघा दुखला म्हणून टॅकेटच्याच दंडाचा आधार घेतला.

सामना चांगला झाला. त्याने चार वेळा रुमाल फेकला, चारही वेळा बरोबर. कुणी हरकत घेतली नाही. संपल्यावर वनेलने निळ्या कोटात त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि दोघं दुपारच्या उन्हात घरच्या वाटेला लागली. सहा तासांची वाट.

तासाभराने त्याने विचारलं, "कसा वाटला सामना?"

"चांगला होता."

"तू काही बोलत नाहीयेस."

वनेल समोर रस्त्याकडे बघत होती. "एकतीस वर्षं लोक तुला चोर म्हणत आले, व्हर्लिन. आंधळा म्हणाले, विकला गेलास म्हणाले. मी त्यांच्यातच बसून मक्याच्या लाह्या खायचे. मला कधी काही लागलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"त्या शनिवारी विंडहॅमची एक म्हातारी तेच म्हणाली. ओरडलीही नाही ती. शेजारणीला नुसतं हळूच म्हणाली. मी उठले आणि गाडीत जाऊन बसले."

एक गाव गेलं, त्याची पाण्याची टाकी गेली, तिच्यावरचे आकडे गेले.

"आज कुणी म्हणालं?" त्याने विचारलं.

"नाही," वनेल म्हणाली. "आज सगळे तुझं कौतुक करत होते."

तिने कोट काढला, घडी न करता मागच्या सीटवर टाकला, आणि घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.